मिटल्या डोळ्यांतला नारायण

आषाढी एकादशीला अंगणातल्या तुळशीपुढे उभं राहून मैनेने ओंजळीतलं पाणी सोडलं आणि नेम धरला. कार्तिकीपर्यंत सूर्यनारायण समोर दिसत असेल तेवढ्या वेळातच जेवायचं, तो दिसत नसताना अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही.

पाणी सोडताना तिचे ओठ हलले, पण शब्द बाहेर आला नाही. देवाशी बोलायचं ते हळूच, असा तिचा स्वभाव. शेजारी वेणूबाई उभी होती. गावात आदितवारची कहाणी सांगायची ती वेणूबाईच, आणि नेमाधर्माचं काही अडलं की बायका तिच्याच ओटीवर जाऊन बसायच्या. तिला ओठांवरूनच कळलं.

"कालूच्या डोल्यांसाठी ना?"

मैनेने मान हलवली.

"नेम कठीन हाय, पोरी. आमच्या सासूने धरलेला एकदा. आपल्याकडचा पावसाला म्हंजे नारायनाचं काही खरं नसतं. आला तर आला."

"येईल," मैना म्हणाली.

काळूराम तिचा नवरा. खारेपाटातल्या त्या गावात पुरुषमाणसाला पावसाळ्यात खारातलं भात आणि उघडीप झाली की मिठागर, एवढंच ठाऊक. काळूराम मिसरूड फुटायच्या आधीपासून मिठावर होता. मिठावरचं ऊन वरून येतं तसं खालूनही येतं. डोक्याला फडकं बांधून ते अडत नाही. त्यात खुपऱ्या झाल्या, पापण्यांचे केस आत वळले, रात्रंदिवस टोचू लागले, आणि चोळून चोळून बुबुळांवर दुधासारखा पडदा चढला. फाल्गुनात तो मैनेला घेऊन अलिबागच्या दवाखान्यात जाऊन आला. तिथल्या डॉक्टरांनी पापण्या उलट्या करून पाहिल्या, हात धुतले आणि म्हणाले, "आहे तेवढी नजर सांभाळा. गेलेली परत यायची नाही." येताना वाटेत काळूरामने मैनेला विचारलं, "ती पांढरी म्हस कुनाची गं?" ती चुना लावलेली मैलाची धोंड होती. मैना हसली नाही. तोच हसला. "पांढरी म्हस! मीच येडा. डोल्यांबरोबर अक्कलपन गेली वाटतं."

पुढे वैशाखात त्यांना मुलगा झाला. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, दोनदा पोट खाली होऊन मग झालेला. नाव ठेवलं गुणाजी. बारशाला पाळण्यात घातल्यावर काळूरामने त्याला उचलून अंगणात उन्हात नेलं होतं आणि नाकाला नाक लावून बघितलं होतं. बराच वेळ बघत राहिला. मग पोर आईकडे देत म्हणाला, "उजेड हाय एवढा कलतो. त्याच्यात काहीतरी हलतं. तोच आसनार." मैनेला त्या दिवसापासून दुसरं काही सुचत नव्हतं. मीठ नाही निघालं तर नाही, मुकादमाने कामावरून काढलं तरी चालेल, पण बापाने लेकराचं तोंड एकदा बघावं. तेवढंच तिने ओंजळीतल्या पाण्याबरोबर मागितलं होतं. जास्त काही नाही.

सुरुवातीला नारायणाने सांभाळून घेतलं. पाऊस पडायचा, पण दिवसातून एकदा कुठे ना कुठे ढग फाटायचा आणि खाडीपलीकडे पितळी तबकासारखा सूर्य दिसायचा. मैना चिखलाचे हात तसेच जोडायची, धावत घरी येऊन तो दिसतो तोवर चार घास खायची. बायजा, तिची सासू, ताट झाकून तयारच ठेवायची. बायजा बोलायला फटकळ, पण सुनेचं ताट झाकताना दोनदा बघायची की भात गार तर झाला नाही ना.

मग श्रावणाच्या तोंडावर झड लागली. आभाळ असं काही खाली उतरलं की बांधावरची कांदळाची झाडंसुद्धा दिसेनात. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. मैना पाण्यावर राहिली. लावणीत वाकली की डोळ्यांपुढे काजवे यायचे. तिसऱ्या दिवशी गुणा छातीला लागायचा, ओढायचा, आणि रडून बाजूला व्हायचा. पुन्हा लागायचा. त्याच्या त्या ओढण्याने मैनेच्या पाठीपर्यंत कळ जायची आणि दूध मात्र यायचं नाही.

"मोड तो नेम," बायजा म्हणाली.

"आत्या, आसं बोलू नये."

"मी बोलते. पाप लागलं तर मना लागू दे. म्हातारी हाय मी, पापाचं काय लोनचं घालून खानार हाय का मी? पोराकडं बघ जरा."

काळूराम पडवीत बसून जाळं विणत होता. नजर लागत नसली तरी बोटांना गाठी पाठ होत्या. तो म्हणाला, "आये, तिचा नारायन ढगाआड बिडी वढत बसलाय. संपल्याबिगर येयाचा न्हाय." आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "मैने, माझ्या डोल्यांपायी तू उपाशी, पोर उपाशी. उद्या मना दिसायला लागलं तर काय बघू? दोघांची हाडं?"

मैनेने पोराला दुसऱ्या बाजूला लावलं. तिच्या मनात एकच होतं. मधेच मोडलेला नेम हा न धरलेल्या नेमापेक्षा वाईट. देवाच्या दारात जाऊन, कडी वाजवून, तो उठायच्या आत पळून जाण्यासारखं. आणि मग काळूरामच्या डोळ्यांत राहिलेला तो उजेडही गेला तर?

चौथ्या दिवशी दुपारी ढग फाटला. अगदी एवढासा, झोपडीच्या कुडाला भोक पडावं तसा. मैना अंगणात होती. तिने वर बघितलं, आणि उपाशी माणूस भाकरीकडे बघतो तसं बघत राहिली. हात जोडायचेसुद्धा विसरली. मग ढग मिटला. तिने घाबरून डोळे मिटले आणि मिटलेल्या डोळ्यांत तो तसाच होता. आधी पोपटी. मग कडेने जांभळा झाला, मग तांबडा, आणि हळूहळू खाली घसरत विझला.

संध्याकाळी ती वेणूबाईच्या ओटीवर गेली. घडलं ते सांगितलं.

वेणूबाईने तपकीर ओढायला घेतलेली चिमूट तशीच धरून ठेवली. ती काही पोथ्या वाचलेली बाई नव्हती. पण देवाचं ती फार जपून बोलायची, आणि म्हणूनच तिचं बोलणं लोक मानायचे. "डोले मिटल्यावर जो दिसला," ती म्हणाली, "तो कुनाचा? तुझा न्हाय. माझा न्हाय. म्हंजे त्याचाच ना? बाहेर ढग आला म्हून तो गेला, पन तुझ्यात राह्यला. देव्हाऱ्यातला देव काय दार लावलं म्हंजे जातो का?"

"मग तो दिसतो तवर जेवलं तर चालंल?"

वेणूबाईने विचार केला. तिच्यासमोर उपाशी आई बसली होती आणि आईच्या मांडीवर उपाशी लेकरू होतं. "दिसतो तवर जेव," ती म्हणाली. "दिसायचा थांबला की हात आखड. मी सांगते म्हून जेव."

दुसऱ्या दिवशी ढगाला पुन्हा फट पडली तेव्हा बायजा भाताचं ताट घेऊन अंगणातच उभी होती. मैनेने सूर्य बघून घेतला आणि डोळे मिटून मटकन तिथेच बसली. बायजा तिला भरवू लागली. "हाय का अजून?"

"हाय."

"घे. मोठा घास घे. हाय का?"

"हाय, पन फिका झाला."

"अगं गिल, चावत काय बसलीस म्हातारीसारखी! हाय का?"

"गेला."

बायजाचा हात घासासकट हवेत थांबला. मैनेने तोंड मिटून घेतलं. पडवीतून काळूराम हसू लागला. "काय ही जेवायची तऱ्हा! आगबोट सुटनार असल्यासारखी!" त्यावर मैनेलाही हसू आलं, तोंडात भात असताना. कितीतरी दिवसांनी त्या घरात तिघं एका वेळी हसली. गुणाला त्या दिवशी दूध मिळालं. थोडं, पण मिळालं.

मैनेला मग एक गोष्ट कळली. तिला ती कुणी शिकवली नव्हती. जितका वेळ बघावं, तितका वेळ तो आत राहतो. नुसती नजर टाकली तर चार घास. पापणी न हलवता बघितलं, डोळ्यांतून पाणी आलं तरी बघितलं, तर पूर्ण जेवण होतं आणि वर ताक पिऊन होतं. पुरुषमाणसं पावसाळ्याआधी सुकी मासळी भरून ठेवतात, बायका मिरच्या-आमसुलं भरून ठेवतात, तसा नारायणही भरून ठेवता येतो. फक्त साठवायला धीर हवा. भाद्रपदात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला आणि ती रोज धीर वाढवू लागली. खाडीच्या बांधावर उभी राहायची. समोर भरतीचं पाणी लखलखत असायचं, वर तो. ती मनातल्या मनात म्हणायची, ये, आत ये, उद्या आभाळ भरलं तर तू माझ्याकडे असावंस. तिला त्यात लबाडी वाटत नव्हती. देवाला घरी राहा म्हणण्यात लबाडी कसली?

एका सकाळी ती उठली तेव्हा बाहेर काळंकुट्ट आभाळ होतं. तिने डोळे मिटले. तो होता. आदल्या दिवशीचा. रात्रभर राहिला होता.

"आत्या!" ती चुलीपाशी धावत गेली. "गेला न्हाय! वस्तीला राह्यला!"

बायजाने हात जोडून कपाळाला लावले आणि सकाळीच तिला पेज वाढली. बातमी गावात गेली. दोन-चार बायका येऊन मैनेच्या पाया पडून गेल्या. ती लाजून आत पळाली. वेणूबाई म्हणाली, "बघ, मी म्हनले नव्हते?" म्हणताना मात्र तिने तपकिरीची चिमूट दोनदा ओढली. एवढं तिलाही अपेक्षित नव्हतं.

त्याच दिवसांत काळूराम एकदा बांधावरून आला आणि म्हणाला, "आज बगला दिसला."

मैनेच्या हातातली कळशी थांबली.

"खाडीच्या कडंला. पांढरा. एका पायावर उभा व्हता. मी म्हटलं ही काय पांढरी म्हस न्हाय, बगलाच हाय."

मैना आत जाऊन देव्हाऱ्यापुढे डोकं टेकून इतकी रडली की बायजाला वाटलं कुणी गेलं. काळूराम पडवीत बसून ते रडणं ऐकत होता. पुढे दर काही दिवसांनी त्याला काहीतरी दिसू लागलं. खाडीत शीड दिसलं. शेजारच्या घराचं कौल दिसलं. एकदा म्हणाला, "पोराची टालू दिसते मना, काली काली." मैना अधिक वेळ बघू लागली. आता तर देव ऐकत होता. आता कसूर करायची नाही.

तिला स्वतःचं कळलं ते तांदूळ निवडताना. सूप मांडीवर होतं आणि खडा शोधायला नजर लावली की नेमकी तेवढीच जागा नाहीशी व्हायची. कडेचे दाणे दिसायचे, सुपाची कड दिसायची, अंगठा दिसायचा. जिथे बघावं तिथे मात्र एक डाग. तांदळाएवढा म्हणता म्हणता पावलीएवढा झाला. डोळे मिटले की तोच डाग उजळ दिसायचा. उघडले की काळा. तिने मनाची समजूत घातली. हा तर तोच आहे, आत राहायला आलेला. पाहुणा चार दिवस राहतो तेव्हा घरातल्यांना जरा दाटी होतेच. सुईत दोरा ओवायला ती शेजारच्या पोरीला सांगू लागली. निवडलेल्या तांदळात खडे राहू लागले तेव्हा बायजा म्हणाली, "लक्ष कुठं हाय तुझं? दात पाडतेस का म्हातारीचे?" मैना म्हणाली, "चुकले, आत्या."

मग एक दिवस गुणा तिच्याकडे बघून खदखदून हसला. पहिल्यांदाच असं मोठ्याने. तिने त्या हसण्याकडे बघितलं. कान दिसले, टाळू दिसली, हवेत उडणाऱ्या मुठी दिसल्या. मध्ये काही नव्हतं. तिने मान जरा वळवली तर गाल आला आणि गेला. पोर हसत होतं आणि तिला हसण्याचा फक्त आवाज येत होता. ती त्याला छातीशी धरून बसून राहिली.

सांगायचं कुणाला? बायजाला सांगितलं तर ती त्याच दिवशी नेम मोडायला लावणार. वेणूबाईला सांगितलं तर त्या बिचारीला अन्न गोड लागायचं नाही. तिने तर लेकराच्या पोटासाठीच ती मुभा दिली होती. आणि नवऱ्याला? त्याला बगळा दिसतोय, शीड दिसतंय. आता थोडंच राहिलंय. दसरा झाला, दिवाळी आली. कार्तिकी काही लांब नाही. त्याला एकदा लख्ख दिसू दे. मग माझं बघू. आणि कोण जाणे, त्याचं काम झालं की तोही आतून उठून जाईल.

हे सगळं ती मनात बोलली, नेहमीसारखं हळूच. मनाच्या तळाशी मात्र एक शंका बसली होती आणि तिच्याकडे तिने पाठ फिरवली होती.

दिवाळीतल्या पहिल्या आंघोळीला मैना न्हाऊन आली. केस ओले, अंगावर धुतलेलं लुगडं. दिवस चांगला वर आला होता, लख्ख ऊन पडलं होतं. काळूराम उटणं लावून, नवी टोपी घालून अंगणात बसला होता. तिच्या बांगड्या वाजल्या तसा त्याने चेहरा वर केला आणि सणाचं म्हणून, तिला बरं वाटावं म्हणून, म्हणाला,

"आज कुकू लालभडक दिसतंय तुझं. लांबून दिसतं."

मैनेने कपाळाला हात लावला. न्हाऊन आलेलं कपाळ. कुंकवाची डबी आत देवळीत होती. अजून लावायचं होतं.

ती तिथेच उभी राहिली. बाजूच्या घरात पोरं फटाके लावत होती. काळूराम हसऱ्या चेहऱ्याने तिच्याकडे, म्हणजे तिच्या थोडं डावीकडे, बघत होता.

"कपाल मोकलं हाय माझं," ती म्हणाली.

त्याचं हसू एकदम गेलं नाही. थोडा वेळ तसंच राहिलं, कुणी काढून घ्यायला विसरल्यासारखं. मग त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"बगला?" तिने विचारलं.

"न्हाय."

"शीड?"

"न्हाय गं. काय न्हाय. भादव्यापासून उजेडपन कमी झाला. दिवस हाय का रात हाय तेवढं कलतं." तो टोपीची कड चाचपू लागला. "तू येवढी उपाशी ऱ्हायलीस. बांधावर उभी ऱ्हातेस, लोक सांगत व्हते मना. म्हटलं, एक बगला सांगितला तर काय बिघडतं. तू रडलीस त्या दिवशी, मग मागं कसा फिरनार?"

मैना त्याच्यापाशी खाली बसली. रागावली नाही. रागवायला जी जागा लागते ती तिच्याकडे उरली नव्हती. एवढं मात्र तिच्या मनात स्पष्ट आलं, की त्या बगळ्यापासूनच आपण अधिकाधिक वेळ बघायला लागलो. ते तिने सांगितलं नाही. सांगून काय मिळणार होतं? त्याने तिच्यासाठी खोटं सांगितलं, तिने त्याच्यासाठी खरं लपवलं. वरचा मात्र एवढे दिवस रोज उगवून रोज मावळला होता. तो काही बोलला नव्हता. त्याने काही कबूल केलं नव्हतं, हे तिला आता आठवलं. पाणी सोडताना बोलली होती ती एकटीच.

"आसू दे," काळूराम म्हणाला आणि चाचपून तिचा हात धरला. "माझे गेले तर गेले. तू हाईस ना. तू बघ आनि मना सांग. तुझ्या डोल्यांनी बघू दोघं."

"व्हय," मैना म्हणाली.

नेम तिने मोडला नाही. थोडे दिवस राहिले होते आणि अर्धवट टाकायची तिची रीत नव्हती. आता आभाळ स्वच्छ होतं. रोज सूर्य उगवत होता. ती रोज बाहेर येऊन हात जोडायची. त्याच्याकडे बघितलं तरी आता त्याच्याच जागी काळं दिसायचं आणि भोवती नुसता उजेड.

कार्तिकी झाली. बारशीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, उद्यापन. गव्हाची खीर, वड्या, भात, वाल. वेणूबाई आणि गावातलं एक जोडपं जेवायला येणार होतं. दुपारची वेळ. बायजा चुलीपाशी, मैना पाटापुढे रांगोळीची बोटं ओढत होती, आणि ती वाकडी येत होती. काळूराम भिंतीला टेकून बसला होता. गुणा त्याच्या मांडीवर उभा राहायला बघत होता. बापाचं नाक धरत होता, मिशी ओढत होता.

"मैने," काळूराम म्हणाला, "मी आजवर विचारलं न्हाय तुला. दिसतं म्हनत व्हतो ना, मग कसं विचारू? आता सांग. पोर कसा दिसतो?"

मैनेचा हात रांगोळीच्या वाटीत थांबला.

"चांगला हाय."

"आई तुझी! चांगला तर हायच. नीट सांग. तोंड कसं?"

"गोल हाय. हनुवटीला खली हाय." एवढं तिच्या बोटांना ठाऊक होतं. "नाक तुमच्यासारखं, बसकं."

काळूराम खूश होऊन हसला. "आनि डोले? डोले कुनाचे?"

मैनेने डोळे मिटले. मिटल्यावर तो उजळ डाग आला. तिने त्याला ओलांडून मागे जायचा प्रयत्न केला, आषाढाच्या आधीच्या एका सकाळी. अंगणात ऊन होतं. तेल लावून पोराला पायांवर पालथं घातलं होतं, मग उलथं केलं, आणि त्याने वर बघितलं होतं. ते बघणं अजून तिच्यापाशी होतं. त्यानंतरचं इतकं लख्ख काही नव्हतं.

"घारे हाईत," ती म्हणाली. "सोनटक्क्याच्या पानावर पानी पडल्यावर दिसतं ना, तसे. जरा हिरवट."

"माझ्या बापासावानी!" काळूराम ओरडलाच. "आये, ऐकलंस? आबाचे डोले आले!"

बायजा खिरीचं पातेलं उतरवून दारात आली होती. तिने नातवाकडे बघितलं. पोर बापाच्या खांद्यावरून तिच्याकडेच बघत होतं, करवंदासारख्या काळ्याभोर डोळ्यांनी. जन्मला तेव्हा ते घारे होते खरे, दसऱ्यापर्यंत पालटले. साऱ्या आळीला ठाऊक होतं. दसऱ्याला आलेल्या बायकांनी त्यावर गप्पा मारल्या होत्या, तेव्हा मैना बांधावर होती.

बायजाने सुनेकडे बघितलं. मैनेचा चेहरा लेकराकडे होता, पण नजर त्याच्या कानाच्या बाजूने कुठेतरी जात होती. पुढ्यातली रांगोळीची ओळ पाटाच्या कडेला जाऊन तुटली होती. तांदळातले खडे, शेजारच्या पोरीने ओवलेली सुई, पाय चाचपत उतरलेल्या पायऱ्या, सगळं म्हातारीच्या डोळ्यांपुढून एका झपाट्यात गेलं. आपणच उभं राहून हिला भरवलं. हाय का अजून, हाय का, म्हणून.

"आये, बोल की! आबासारखेच ना?"

"व्हय रं," बायजा म्हणाली. "घारेच हाईत."

काळूरामने पोराला उचलून डोक्यावर धरलं. "ये रं घाऱ्या! घाऱ्या माझा!"

पाहुणी आली. वेणूबाईने मैनेच्या ओटीत नारळ घातला, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "सुटलीस बाय, नेम पुरा झाला." सगळे जेवून गेले. मग घरातल्यांची पानं मांडली. बायजाने मुलाचा हात धरून केळीच्या पानाला लावला आणि नेहमीसारखं सांगितलं, "इथं भात. हा वाल. वडी उजवीकडं. खीर द्रोनात, सांडू नको."

मग ती मैनेच्या पुढ्यात बसली. तिने सुनेचा उजवा हात आपल्या हातात घेतला. मैना दचकली. हात काढून घ्यायला तिने थोडा जोर केला. म्हातारीने सोडला नाही.

"इथं भात," बायजा अगदी हळू म्हणाली, शेजारी बसलेल्या काळूरामला ऐकू जाऊ नये अशी. "हा वाल. वडी उजवीकडं."

मैनेने मान खाली घातली. काळूराम खीर भुरकत होता आणि पोराला हाका मारत होता.